टीव्हीकडे पाठ करून बसणारे नाना

"टीव्ही हाय का तुमच्याकडे?"

नाशिकला, सिडकोतल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्या बघायला मी गेलो, तेव्हा घरमालकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, मटण शिजवता का, तेही नाही. माझं नुकतंच लग्न झालं होतं, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि जागा मिळावी म्हणून वाट्टेल ते खोटं बोलायची माझी तयारी होती. टीव्ही म्हणजे आवाज, तेव्हा यांना तो नको असणार, असं धरून मी म्हणालो, "छे, छे! टीव्ही-बिव्ही काही नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हाय तुमच्याकडे. रंगीत. लग्नातला."

मी गार पडलो. कसं ओळखलंत, असं विचारायचीही सोय राहिली नव्हती, पण त्यांनीच सांगितलं. "ज्याच्याकडं नसतो तो नाय म्हणतो अन् गप बसतो. तुम्ही दोनदा छे म्हणाले. घेऊन या टीव्ही. असायलाच पाहिजे."

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, आम्हीही म्हणायला लागलो. शहराच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर उभी हयात काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. ताडपत्रीखाली कांदा आहे असं सांगून कापडाचे तागे आत आणणारे ट्रकवाले त्यांनी शेकड्यानं पकडले होते आणि ताडपत्रीला मात्र म्हणे कधी हात लावला नाही. ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचं आणि सांगायचं. "माल बघायचा नाय, माणूस बघायचा. माल कुठं बोलतो?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. रेशनच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, जिथं म्हणून माणसं भेटतील तिथं ते हे ऐकवायचे.

एरवी बोलणं मोजकं. नाक्यावर इंजिनांच्या घरघरीत बोलून उपयोग नसायचा, म्हणून सगळा कारभार हातानं चाले. तळहात उभा केला की थांब, दोन बोटं हलवली की जा, मूठ खाली दाबली की बाजूला घे. नोकरी सुटली, हात सुटले नाहीत. माझी स्कूटर फाटकाशी आली की पायरीवर बसलेल्या नानांचा तळहात उभा व्हायचा. मी थांबायचो. ते माझं तोंड न्याहाळायचे आणि मग दोन बोटं हलायची. पहिले काही दिवस मला याचा संताप यायचा. नंतर नंतर ते फाटकात नसले तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दार वाजलं. नाना उभे, सोबत दोरी बांधलेलं एक तांबडं गावठी कुत्रं आणि काखेत वही. "लावा," म्हणाले.

"काय लावू?"

"टीव्ही."

आम्ही टीव्ही लावला. नाना खुर्ची उचलून टीव्हीसमोर घेऊन गेले आणि चक्क टीव्हीकडे पाठ करून बसले. तोंड कुत्र्याकडे. आमच्या मालिकेतली सासू सुनेला घराबाहेर काढत होती, आम्ही ते बघत होतो, तांबडं कुत्रं आमच्या स्टुलाचा पाय हुंगत होतं आणि नाना कुत्र्याचे कान बघत होते. मध्येच विचारायचे, "आता काय चाललंय मागं?"

"सून रडतेय," माझी बायको सांगायची.

नाना वहीत लिहायचे. ती वही मी पुढे वाचली आहे. "तांबू. सून रडते. कान एक वर. शेपूट बंद." "तांबू. दारावरची घंटी. उठला, आपल्या दाराकडं गेला." "तांबू. साबणाची जाहिरात. झोप."

या वेडाचं मूळ एका चहाच्या टपरीत होतं. तिथं फळीवर टीव्ही चालू असायचा. एकदा पडद्यावरचं कुत्रं भुंकलं, तेव्हा बाकड्याखाली झोपलेल्या दोन कुत्र्यांपैकी एक ताडकन उठून गुरगुरायला लागलं आणि दुसऱ्यानं डोळासुद्धा उघडला नाही. आवाज तोच, पडदा तोच, कुत्रीही एकाच आईची. मग एकाला खोटं का पटलं आणि दुसऱ्याला का नाही? नानांची अख्खी नोकरी याच एका प्रश्नावर झाली होती. तो त्यांना स्वस्थ कसा बसू देईल!

तेव्हापासून संध्याकाळी साडेसहा ही आमच्या घरात परीक्षेची वेळ झाली. समोरच्या बंगल्यातला पॉमेरियन आला. तो टीव्हीतल्या कुत्र्यावर, घोड्यावर, पंख्यावर, बातम्या देणाऱ्या बाईवर, सगळ्यावर भुंकायचा. नानांनी त्याला 'भोळा' असा शेरा दिला. काळी नावाची एक कुत्री होती. ती पेठच्या डोंगराळ भागातून द्राक्षाच्या कामाला आलेल्या मजुरांबरोबर शहरात आली होती. प्राण्यांचा कार्यक्रम लागला की ती आधी पडद्याकडे बघायची, मग उठून टीव्हीच्या मागे जायची, तिथं हुंगायची आणि परत येऊन बसायची. नाना तिच्यावर जाम खूश. "ही ताडपत्री उचलून बघती," म्हणायचे.

हळूहळू त्यांचा सिद्धांत तयार झाला. कान सांगतो माल आला, नाक सांगतं माल आलाच नाही. ज्याचं नाक कानाला दाबतं, तो टीव्हीला भुलत नाही. ज्याचा कान नाकावर चढतो, तो भुंकत सुटतो. भुलणारं कुत्रं राखणीला कुचकामी, कारण ज्याला खोटं कळत नाही त्याला खरं काय डोंबल कळणार? ऐकायला हे इतकं पटायचं की मीही कारखान्यात डबा खाताना लोकांना सांगायला लागलो होतो.

पुष्कळ वर्षांनी आमच्या घरी भिंतीवरचा पातळ टीव्ही आला, तेव्हा कुठंतरी वाचलं की जुन्या डबा टीव्हीचं चित्र कुत्र्याच्या डोळ्यांना सलग दिसतच नसे. बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं ते फडफडायचं. म्हणजे आमच्या त्या टीव्हीवर बहुतेक कुत्री बघत नव्हतीच, फक्त ऐकत होती. हे तेव्हा माहीत असतं तर पुढचं टळलं असतं. पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं, नानांना नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो साहेब बोलू शकत नव्हता.

साहेब हे नानांचं स्वतःचं कुत्रं. कापसासारखं पांढरंशुभ्र, एक डोळा तपकिरी, दुसरा काचेच्या गोटीसारखा निळा. नाक्यावर कुणीतरी पिल्लू सोडून गेलं होतं, ते नानांनी शर्टात घालून घरी आणलं. कुणाची पर्वा करत नाही म्हणून नाव साहेब. टीव्हीच्या परीक्षेत त्याचा पहिला नंबर. पडद्यावर कुत्री भांडोत, वाघ डरकाळ्या फोडोत, बंदुका वाजोत, साहेब पुढच्या पायांवर हनुवटी टेकून नानांच्या तोंडाकडे बघत असायचा. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी फाटकाशी सुतळी बॉम्ब लावले, तांबू गटारात जाऊन लपला, पॉमेरियन पलंगाखाली मुतला. साहेब पायरीवर झोपलेला. "काळीज बघा त्याचं," नाना मला म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता.

आता लिहिताना माझीच मला लाज वाटते. शेंबड्या पोरानं ओळखलं असतं. माझ्या बायकोनं ओळखलंही होतं. ती एकदा म्हणाली, "अहो, त्याला ऐकू तरी येतं का?" मी हसलो. कारण नानांनी तळहात उभा केला की साहेब जागच्या जागी थांबायचा, दोन बोटं हलली की धावायचा, मूठ खाली झाली की बसायचा. सबंध सिडकोत इतकं आज्ञाधारक कुत्रं नव्हतं. नानांनी त्याला आयुष्यात कधी हाक मारलीच नव्हती, हे कुणाच्या ध्यानात येणार?

नानांना एकच मुलगी. बायको लवकर गेली, पोरीला यांनीच वाढवलं. विसाव्या वर्षी तिला निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठानं द्राक्षबाग असलेल्या घरात दिली. सासू-सासरे गावात, आणि ही नवऱ्याबरोबर मळ्यात. जावई गुणी होता, पण हंगामात माल घेऊन मुंबईला जायचा, तेव्हा मळ्यात ती आणि तिची चार वर्षांची पोरगी दोघीच. चहूकडे ऊस, आणि त्या भागातल्या उसात बिबट्या असतो हे पोरंसोरं जाणतात. नाना मात्र जो भेटेल त्याला सांगायचे, "पाच वर्षं झाली लग्नाला. एक तक्रार नाय पोरीची. समजदार हाय."

दिवाळीत ती माहेरी आली होती. अबोल, सडपातळ बाई. आमच्या दारात उभी राहून टीव्ही बघायची, आत ये म्हटलं तरी यायची नाही. एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "मळ्यात दिवस कलला की मी कडी लावून बसते, ताई. तहान लागली तरी पडवीतल्या माठापर्यंत जात नाय." बायकोनं मला सांगितलं, मी नानांना सांगितलं. नानांनी त्या दिवशी जेवताना लेकीच्या तोंडाकडे नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बघितलं मी. खुशाल हाय ती. पण राखणीला चांगलं जनावर पाहिजे, ते बरोबर हाय तुमचं."

आणि त्यांनी तिला साहेब दिला. तो देताना त्यांच्या जिवावर आलं होतं, ते सगळ्या गल्लीला दिसत होतं. एस.टी. कुत्र्याला घेईना म्हणून टेम्पो केला, साहेबाची गोधडी सोबत बांधली. तांबू किंवा काळीला धाडलं असतं तर त्यांना काहीच वाटलं नसतं. पण लेकीच्या राखणीला पहिल्या नंबरचं कुत्रं पाहिजे होतं.

द्राक्षाचा हंगाम भरात असताना एका शनिवारी आमच्या घरचा फोन वाजला. नानांची मुलगी होती. बायकोनं फोन घेतला आणि नानांना बोलावते म्हणाली, तर तिकडून एवढंच आलं, "बोलवू नका. त्यांना सांगा, कुत्रं घेऊन जा." मागे पोरीचं रडणं ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी नानांना स्कूटरवर मागे बसवून मी निघालो. चांदोरीच्या पुढे उसातून आत मळ्याकडे वळलो.

घडलं होतं ते असं. आदल्या दिवशी, शनिवारी, सूर्य नुकताच कलला होता. पोरगी अंगणातल्या नळावर पाय धूत होती. पाच हातांवर शेळी बांधलेली. उसातून बिबट्या आला आणि शेळीला उचलून गेला. शेळी ओरडली, पोरगी ओरडली, आई स्वयंपाकघरातून धावत आली. साहेब ओट्याच्या कडेला अंगाची मुटकुळी करून झोपला होता. तो उठलासुद्धा नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दाव्याचा तुटका तुकडा खुंटीलाच होता आणि ओल्या मातीत पंजे उमटलेले होते. पोरगी आईच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. पण नानांचं लक्ष आधी कुत्र्याकडे गेलं. त्यांना बघून साहेब आनंदानं वेडा झाला होता. नानांनी तळहात उभा केला, साहेब थांबला. मूठ दाबली, साहेब बसला.

"बघ," नाना लेकीला म्हणाले. "ऐकतो की. काल काहीतरी खाऊन सुस्त पडला असल."

पोरीला तिनं माझ्याकडे दिलं, भिंतीला टेकवलेलं लोखंडी घमेलं उचललं आणि साहेबाच्या पाठीमागं जाऊन फरशीवर आपटलं. पोरगी माझ्या गळ्याला घट्ट बिलगली. बागेतली पाखरं भर्रकन उडाली. मी दचकलो, नाना दचकले. साहेब शेपूट हलवत नानांच्या मुठीकडे बघत होता.

नाना पुढे झाले. त्याच्या मागे जाऊन टाळ्या वाजवल्या. शीळ घातली. मग वाकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी हाक मारली, "साहेब." बहुधा आयुष्यातली पहिली हाक. श्वास कानाला लागला, तेव्हा कुत्र्यानं वळून त्यांचं तोंड चाटलं.

"बहिरा हाय तो," मुलगी म्हणाली. "आल्यापासून चार दिवसांत मला कळलं. पण तुम्ही एवढा जीव लावलेला धाडला, म्हणून गप बसले."

"मग सांगायचं नाय का?"

"काय काय सांगू, नाना?" आता तिचा आवाज चढला. "तुम्हाला गप बसलेलं सगळं शहाणंच वाटतं. कुत्रं भुंकत नाय, शहाणं हाय. पोरगी बोलत नाय, समजदार हाय. मला भ्या वाटतं इथं. पाच वर्षं झाली, रोज वाटतं. काल माझी पोरगी गेली असती."

"पण मी दिवाळीत बघितलं ना तुझ्याकडं. जेवताना. मला वाटलं..."

"बघितलं! विचारलं का कधी? सासरी कशी हायेस, भ्या वाटतं का, एकदा तरी तोंडानं विचारलं?"

नाना ओट्यावर बसले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. हात मांडीवर पडलेले, बोटं उघडी. इतका वेळ माझ्या गळ्यात असलेली पोरगी खाली उतरली आणि साहेबाच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग नानांनी मान वर करून विचारलं, "येती का नाशिकला? पोरीला घेऊन?"

ती रडायला लागली. आवाज करून, नाक ओढत, लहान मूल रडतं तशी. नाना तिच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, या माणसाला आपण किती हुशार समजत होतो. मग लगेच वाटलं, आपण तरी काय केलं? तिनं आपल्या दारात उभं राहून सांगितलं होतं, आणि आपण निरोप पोचवून मोकळे झालो होतो.

जावई मुंबईहून परतेपर्यंत मायलेकी गावात सासू-सासऱ्यांकडे राहणार होत्या. परत येताना साहेब स्कूटरवर माझ्या पायांशी उभा होता. त्याला उसाच्या रानात ठेवणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून देणं होतं. वाटेत नाना एकदाच बोलले. "त्यानं काय खोटं सांगितलं नव्हतं मला. मीच माझ्या मनानं गुण दिले."

त्या संध्याकाळी वहीत साहेबाच्या पानावर त्यांनी लिहिलं, "बहिरा. चूक माझी." आणि खाली सही केली. वेड काही सुटलं नाही. उलट आता ते टीव्ही लावायच्या आधी प्रत्येक कुत्र्याच्या पाठीमागं जाऊन ताट वाजवायचे, आणि कुत्र्याच्या मालकाला शंभर प्रश्न विचारायचे: कुठं वाढलं, कशाला भितं, कुणी मारलं होतं का. काळीच्या मजुरांना विचारलं तेव्हा कळलं की डोंगरात असताना तिची पिल्लं कोल्ह्यानं नेली होती. टीव्हीमागं जाऊन ती काय शोधत होती, ते नानांनी वहीत लिहिलं नाही.

जावयाशी बोलणी झाली. पोरीच्या शाळेचं निमित्त होतंच, आणि तोही मनातून मळ्याला धास्तावलेला होता. बागेवर गडी ठेवायचा आणि बिऱ्हाड शहरात आणायचं, असं ठरलं. एका संध्याकाळी नाना आमच्याकडे आले. सोबत कुत्रं नाही, वही नाही. खुर्ची आमच्याकडे तोंड करून ठेवली आणि बसून राहिले. आमच्या दोन्ही खोल्यांवरून नजर फिरवत होते. शेवटी माझी बायकोच म्हणाली, "नाना, आम्ही पाथर्डी फाट्याला जागा बघितलीय. पुढच्या महिन्यात जातो." आम्ही कसलीही जागा बघितलेली नव्हती. नानांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. खोटं त्यांना कळलंच असणार, पण त्यांनी ते तसंच जाऊ दिलं.

पुढच्या वर्षी एका रविवारी मी सहज तिकडे गेलो. साहेब पायरीवर, नाना त्याच्या शेजारी. आम्ही बोलत बसलो तेवढ्यात वरच्या, आमच्या जुन्या गॅलरीतून खणखणीत आवाज आला. "नाना! टाकी भरली! मोटर बंद करा! रोज रोज किती ओरडायचं मी? त्या कुत्र्याला पण माझ्या चादरीवर झोपवलंय परत, केस बघा किती! काय माणूस हाय का काय!"

मला आधी कळेचना ही कोण. ती अबोल, सडपातळ बाई कमरेला पदर खोचून कठड्यावरून वाकून बापाला झाडत होती. भिंतीवरून पाणी वाहत खाली पेरूच्या आळ्यात पडत होतं. नाना जागचे हलले नाहीत.

"नाना, हाक मारताहेत त्या," मी म्हणालो.

"ऐकू येतंय की," नाना म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "बोलू द्या अजून जरा."